अमोनिया ११० वर का अडतो? कारखान्याच्या सांडपाण्यातला नायट्रोजन जिवाणूंकडून काढताना

प्रश्न थोडक्यात असा. रसायने बनवणाऱ्या कारखान्याचे सांडपाणी, रोज ५०० घनमीटर. आत येताना सीओडी (सगळे सेंद्रिय द्रव्य, ते जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनमध्ये मोजलेले) १५००, बीओडी (त्यातला जिवाणूंना पचणारा भाग) ८००, टीकेएन (अमोनिया आणि सेंद्रिय नायट्रोजन मिळून) २८०, त्यात अमोनिया नायट्रोजन २२०, अल्कलिनिटी (आम्ल शोषून पीएच टिकवण्याची पाण्याची ताकद) ९००; सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर. १५०० घनमीटरची एकच एरेशन टाकी (जिवाणूंना हवा देणारी), पुढे क्लॅरिफायर (गाळ खाली बसवणारी टाकी). पाण्याचे तापमान २८ ते ३० अंश, टाकीत एमएलएसएस (पाण्यातल्या गाळाचे प्रमाण) ३५००, डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) ३ च्या आसपास. बाहेर पडताना बीओडी २० च्या आत आहे, पण अमोनिया ११० च्या खाली उतरत नाही, नायट्रेट १२५ ते १३० आहे, टाकीतला पीएच ६.३ ते ६.५. दुपारनंतर क्लॅरिफायरमध्ये गाळाचे थर वर येतात. ब्लोअर वाढवून झाला, विकतचे कल्चर (जिवाणूंची पावडर) दोनदा टाकून झाले. आता पुरवठादार म्हणतो की एमबीबीआरचे मीडिया (जिवाणूंना चिकटून वाढायला प्लास्टिकचे तरंगते तुकडे) टाका. टाकावे का?

नका टाकू, निदान आत्ता तरी. मीडिया चांगली वस्तू आहे, योग्य जागी मी स्वतः सुचवतो. पण तुमच्या टाकीत जिवाणू कमी पडल्याची एकही खूण मला दिसत नाही. तुमच्या आकड्यांतून दिसते ते असे की जिवाणू व्यवस्थित काम करताहेत, अर्ध्या वाटेत त्यांचे सामान संपते आणि ते थांबतात. कोणते सामान संपते हे कागद-पेन्सिल घेऊन काढता येते, आणि ते काढल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

हिशेबाला बसण्याआधी प्रयोगशाळेला एक गोष्ट विचारून घ्या. अमोनिया ‘नायट्रोजन म्हणून’ लिहिलाय की ‘अमोनिया म्हणून’? नायट्रेट ‘नायट्रोजन म्हणून’ की ‘नायट्रेट म्हणून’? अमोनियात हा फरक १.२ पटींचा आहे, नायट्रेटमध्ये तब्बल ४.४ पटींचा. एकाच अहवालात अमोनिया एका पद्धतीने आणि नायट्रेट दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले मी अनेकदा पाहिले आहे, आणि त्यावर महिनोन् महिने चर्चा चालते. तुमचे आकडे मात्र जुळतात. आत आले २८०. बाहेर अमोनिया ११०, नायट्रेट १२८, थोडा सेंद्रिय नायट्रोजन. रोज काढलेल्या गाळाबरोबर साधारण ४० जातो, कारण जिवाणूंच्या पेशी बनायलाही नायट्रोजन लागतो. बेरीज २८० च्या जवळ येते. जमाखर्च दहा-पंधरा टक्क्यांच्या आत बसला की आकड्यांवर विश्वास ठेवून पुढे जायला हरकत नाही.

आता मूळ क्रिया. अमोनियाचे नायट्रेट होणे म्हणजे नायट्रिफिकेशन, आणि ते करणारे जिवाणू म्हणजे नायट्रिफायर. ते दोन टप्प्यांत होते. नायट्रोसोमोनास आणि त्याचे भाऊबंद अमोनियाचे नायट्राइट करतात, मग नायट्रोबॅक्टर आणि नायट्रोस्पायरा नायट्राइटचे नायट्रेट करतात. (दोन्ही टप्पे एकट्यानेच पार पाडणारे काही नायट्रोस्पायरा २०१५ मध्ये सापडले, पण प्लँट चालवणाऱ्याचा हिशेब त्याने बदलत नाही.) एक ग्रॅम अमोनिया नायट्रोजनचे नायट्रेट व्हायला ४.५७ ग्रॅम ऑक्सिजन लागतो आणि ७.१४ ग्रॅम अल्कलिनिटी खर्च होते (इथली सगळी अल्कलिनिटी कॅल्शियम कार्बोनेट म्हणून मोजलेली आहे). पहिला आकडा सगळ्यांना पाठ असतो, म्हणून अमोनिया अडला की हात आधी ब्लोअरकडे जातो. दुसरा आकडा फार कमी जणांच्या तोंडी असतो, आणि रासायनिक कारखान्यांत घोडे पेंड खाते ते बहुतेक वेळा तिथेच.

तुमच्या पाण्यावर हे लावून पाहू. टीकेएन २८०, त्यातला ४० गाळात जातो, म्हणजे २४० चे नायट्रेट व्हायला हवे. २४० गुणिले ७.१४ म्हणजे १७१४ अल्कलिनिटी. तुमच्याकडे येते ९००. सेंद्रिय नायट्रोजन फुटून अमोनिया होताना थोडी अल्कलिनिटी तयार होते. गाळात जाणारा भाग वजा करून ती ७० च्या आसपास धरा. एकूण ९७०. पीएच इतका खाली आला तरी तळाशी ५० उरतेच. म्हणजे वापरायला मिळते ९२०. त्याला ७.१४ ने भागा: १२९.

तुमचे नायट्रेट १२५ ते १३० आहे. आणि २४० मधून १२९ गेले की उरतात १११.

कागदावरचा आकडा आणि बाहेरच्या नळातला आकडा इतके जवळ आले की आणखी पुराव्याची गरज राहत नाही. अल्कलिनिटी संपते, पीएच ६.५ च्या खाली घसरतो, नायट्रिफिकेशनचा वेग कोसळतो आणि गाडी तिथेच थांबते. या पाण्यात तुम्ही कितीही हवा सोडा, कितीही पाकिटे ओता, अमोनिया ११० वरच राहील. उलट जास्त हवेने कार्बन डायऑक्साइड उडून पीएच किंचित वर दिसतो आणि आपण काहीतरी साधले असे वाटते.

कल्चरबद्दल स्पष्टच बोलतो. तुमची टाकी आज रोज सुमारे ६४ किलो नायट्रोजनचे नायट्रेट करते. प्रत्येक ग्रॅम नायट्रोजनमागे नायट्रिफायर जिवाणूंचे वजन ०.१५ ग्रॅमच्या आसपास वाढते. म्हणजे तुमच्या टाकीत दररोज आठ-दहा किलो नवे, ताजे, तुमच्याच पाण्याला सरावलेले नायट्रिफायर जन्माला येताहेत. त्यात पाकिटातल्या दोन-चार किलो पावडरीने काय भर पडणार? विषबाधेने टाकी पूर्ण मेली असेल तर बाहेरून बी आणण्यात अर्थ आहे, आणि तेव्हाही पावडरीपेक्षा जवळच्या चालू नायट्रिफिकेशन प्लँटचा एक-दोन टँकर गाळ मी कधीही पसंत करीन.

जिवाणू पुरेसे आहेत की नाहीत हे माझ्या शब्दावर मानू नका, भांड्यात तपासा. टाकीतला दोन लिटर गाळ घ्या, तासभर नुसती हवा द्या म्हणजे आधीचे अन्न संपेल. अमोनिया नायट्रोजन ४० च्या खाली असेल तरच अमोनियम क्लोराइड टाकून तो ४० च्या आसपास आणा (तुमच्या टाकीत आज तो ११० आहेच), आणि सोडियम बायकार्बोनेट टाकून पीएच ७.५ ते ७.८ वर ठेवा. डीओ ४ च्या वर ठेवा. दर अर्ध्या तासाला थोडे गाळून नायट्राइट आणि नायट्रेट मोजा, दोन-तीन तास. दोन्हींची बेरीज ताशी किती वाढते त्याला व्हीएसएसने (गाळातला सेंद्रिय भाग) भागा. पुढे सांगतो त्या बदलानंतर तुमच्या टाकीला एका ग्रॅम व्हीएसएसमागे ताशी २ मिलिग्रॅम नायट्रोजन एवढा वेग लागेल. भांड्यात तेवढा किंवा त्याहून जास्त वेग मिळाला की मीडियाचा विषय संपला. थोडा कमी मिळाला तरी घाबरू नका. आज त्या जिवाणूंना अर्धाच खुराक मिळतोय, खुराक वाढला की संख्याही वाढेल.

हीच चाचणी दुसऱ्या भांड्यात कारखान्याच्या पाण्याचा एक हिस्सा घालून करा. दोन भांड्यांतल्या वेगांतला फरक म्हणजे तुमच्या पाण्यातले विष. ही चाचणी स्वस्त आहे, फार काही सामान लागत नाही, आणि तरीही बहुतेक प्लँटवर ती कोणी केलेलीच नसते. मला याचे खरोखर वाईट वाटते, कारण लाखोंचे निर्णय या एका दिवसाच्या कामावाचून घेतले जातात.

आता उपाय. सरळ उपाय म्हणजे अल्कलिनिटी विकत आणणे. किती? गरज १७१४, शिवाय पीएच ७ च्या वर टिकायला बाहेर पडताना ८० तरी शिल्लक हवी. हाताशी ९७०. तूट ८२४. रोजच्या ५०० घनमीटरला ४१२ किलो; सोडियम बायकार्बोनेटमध्ये मोजले तर सुमारे ६९० किलो, कॉस्टिक सोड्यात ३३०. दररोज. याने अमोनिया जाईल, पण सगळा नायट्रोजन नायट्रेट होऊन २४० च्या आसपास बाहेर पडेल. म्हणजे नायट्रोजन गेलाच नाही, फक्त रूप बदलले, आणि त्यासाठी रोज ट्रकभर पोती फोडायची. हे मी तुम्हाला सुचवणार नाही.

तुमच्या क्लॅरिफायरकडे बघा. दुपारी गाळाचे थर वर येतात म्हणून ऑपरेटर वैतागला असेल, पण तिथे जे घडते तेच तुम्हाला हवे आहे, फक्त चुकीच्या टाकीत घडते आहे. मोजपात्रात टाकीतला एक लिटर गाळ घ्या. अर्ध्या तासात तो नीट बसेल. तसाच ठेवा, हलवू नका. तास-दीड तासाने गाळाच्या थरात बारीक बुडबुडे दिसू लागतील, मग थर मध्येच फाटेल आणि एक तुकडा अखंडच्या अखंड वर तरंगेल. काचेच्या कांडीने टोचलात तर बुडबुडे सुटतात आणि तुकडा पुन्हा खाली जातो. तो वायू नायट्रोजन आहे. ऑक्सिजन संपल्यावर तुमच्या गाळातल्या साध्यासुध्या जिवाणूंनी नायट्रेटमधला ऑक्सिजन श्वासासाठी वापरला आणि नायट्रोजन सोडून दिला. हेच डिनायट्रिफिकेशन. (कांडीने टोचूनही न बसणारा, पिसासारखा पसरलेला गाळ असेल तर तो तंतुमय जिवाणूंचा वेगळा विकार. दोन्हींत गल्लत करून क्लोरीन ओतू नका, नायट्रिफायर आधी मरतील.)

ही क्रिया क्लॅरिफायरमधून उचलून टाकीच्या तोंडाशी न्यायची. लुडझॅक आणि एटिंगर यांनी १९६२ मध्ये मांडलेली आणि बर्नार्ड यांनी १९७३ मध्ये सुधारलेली ही रचना आजही जगभर मोठ्या प्रमाणावर वापरात आहे, आणि ती तुमच्या पाण्याला चपखल बसते. १५०० घनमीटरपैकी पहिले ५०० घनमीटर आडभिंत घालून वेगळे करा, तिथली हवा बंद करा, मिक्सर लावा. ताजे सांडपाणी तिथे येऊ द्या, रिटर्न स्लज (क्लॅरिफायरच्या तळातून परत येणारा गाळ) तिथे येऊ द्या, आणि एरेशनच्या शेवटच्या टोकाकडून नायट्रेट भरलेले पाणी गाळासकट पंपाने तिथे परत आणा (हा आतला पुनर्प्रवाह). आलेल्या पाण्यातली बीओडी हे जिवाणूंचे अन्न, नायट्रेट हा त्यांचा ऑक्सिजन.

याने हिशेब कसा पालटतो ते पाहा. एक ग्रॅम नायट्रेट नायट्रोजन उडाला की ३.५७ ग्रॅम अल्कलिनिटी परत मिळते, म्हणजे खर्चाच्या बरोबर निम्मी. शिवाय २.८६ ग्रॅम ऑक्सिजनचे काम फुकट होते. रिटर्न स्लज आणि आतला पुनर्प्रवाह मिळून आवकेच्या ४ पट ठेवलात तर ५ पैकी ४ भाग नायट्रेट या पहिल्या, हवा बंद केलेल्या भागात परत येते, म्हणजे जास्तीत जास्त ८० टक्के काढता येते: २४० पैकी १९२. त्यातून ६८५ अल्कलिनिटी परत. आता गरज १७१४ वजा ६८५ अधिक शिलकीचे ८०, म्हणजे ११०९. हाताशी ९७०. तूट १४० च्या आसपास. बायकार्बोनेट ६९० किलोवरून १२० किलोवर आले. ऑक्सिजनची रोजची गरज २७५ किलोने कमी झाली, म्हणजे तुम्ही वाढवलेला ब्लोअर पुन्हा कमी करता येईल. बाहेरचे नायट्रेट ४८ वर येते. क्लॅरिफायरमध्ये वर येणारा गाळही बराच शांत होतो, कारण तिथे पोचणारे नायट्रेटच कमी.

पुनर्प्रवाह आणखी वाढवून नायट्रेट शून्यावर नेऊ, असा मोह होतो. ६ पटीला ८६ टक्के, ८ पटीला ८९ टक्के. पंपाची वीज दुप्पट, पदरात पडते थोडेसे, आणि सोबत विरघळलेला ऑक्सिजनही हवा बंद केलेल्या भागात येतो. तुमच्या पाण्यासाठी मी ४ पटींवर थांबेन. रिटर्न स्लज आवकेइतकाच असेल तर आतल्या पुनर्प्रवाहाचा पंप ताशी ६२ ते ६३ घनमीटरचा लागतो. उंची जवळजवळ नाहीच, म्हणून वीज फार जात नाही. पंप जिथून खेचतो तिथे डीओ १ ते १.५ पर्यंत खाली ठेवा. ३ चा डीओ तिप्पट प्रवाहाने पहिल्या भागात नेऊन सोडणे म्हणजे जे अन्न नायट्रेटसाठी राखायचे ते ऑक्सिजनला वाढणे.

अन्न पुरेल का, हा डिनायट्रिफिकेशनचा खरा प्रश्न असतो. एका ग्रॅम नायट्रेट नायट्रोजनला व्यवहारात ५ ते ६ ग्रॅम पचणारा सीओडी धरावा. १९२ साठी ९६० ते ११५०. तुमचा बीओडी ८००, म्हणजे पचणारा सीओडी १३०० च्या आसपास. पुरतो, पण फार सैल नाही. म्हणून आवक पाणी साठवण टाकीत दिवसरात्र जोरदार हवेने ढवळू नका. साठवण टाकीला ढवळणे हवे, पण तिथे हवा मारमारून बीओडी जाळायचा आणि मग पुढे मिथेनॉल विकत घ्यायचे, असे सर्रास चालते.

४८ च्याही खाली जायचे असेल तर शेवटी हवा न सोडलेली आणखी एक छोटी टाकी आणि बाहेरचे कार्बन लागते. मिथेनॉल घेतले तर एका ग्रॅम नायट्रेट नायट्रोजनला २.५ ते ३ ग्रॅम. ४८ वरून १० वर यायला तुमच्याकडे रोज ४८ ते ५७ किलो. ते ज्वालाग्राही आहे, साठवणुकीचे नियम कडक आहेत, आणि मिथेनॉल खाणारे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात, तोवर ते तसेच बाहेर जाते. रासायनिक कारखान्यात आधी घरातच शोधा: एखाद्या विभागातून अल्कोहोलयुक्त किंवा ॲसिटेटचे धुवण वेगळे निघत असेल तर तेच हळूहळू इथे सोडता येते. भांड्यात तपासून मगच.

बांधकामाचे दोन बारकावे. मिक्सरला घनमीटरमागे ५ ते ८ वॉट पुरतात, म्हणजे ५०० घनमीटरला अडीच ते ४ किलोवॉट. हवेनेच हलके ढवळू, मिक्सरचा खर्च वाचवू, हा सल्ला ऐकू नका. हलकी हवा म्हणजेही ऑक्सिजन. आणि बंद केलेल्या भागातले डिफ्यूझर (तळाशी हवेचे बुडबुडे सोडणारे) काढून टाका किंवा दिवसातून एकदा क्षणभर हवा सोडा, नाहीतर पडदे तुंबतील.

हवेची टाकी एक तृतीयांश कमी झाली तर नायट्रिफिकेशनचे काय, ही शंका रास्त आहे. इथे गाळाचे वय बघावे लागते. टाकीत ३५०० च्या हिशेबाने ५२५० किलो गाळ. तुम्ही रोज ३० घनमीटर गाळ काढता, त्याची दाटी ९००० धरली तर २७० किलो, आणि बाहेरच्या पाण्याबरोबर ३० किलो. ५२५० भागिले ३०० म्हणजे साडेसतरा दिवस. त्यातले दोन तृतीयांश, साडेअकरा दिवसांच्या आसपास, हवेत. २८ अंशांना हे पुरते. पाणी १५ अंशांवर गेले असते तर मी टाकी वाढवा म्हटले असते, कारण तापमान दहा अंशांनी घटले की नायट्रिफायरांचा वेग निम्म्याच्या आसपास येतो, आणि तेव्हा मीडियाला खरा अर्थ असतो. दुसऱ्या टोकालाही जपा: उष्णता विनिमयक बिघडून टाकी ३८ ते ४० अंशांवर गेली की नायट्रिफिकेशन कोसळते, बीओडी मात्र व्यवस्थित जात राहतो, त्यामुळे चटकन लक्षात येत नाही.

गाळ रोज थोडा-थोडा काढा, सुट्टीच्या दिवशीही. अर्ध्या तासाच्या चाचणीत गाळ जास्त दिसला म्हणून एका दिवसात निम्मी टाकी रिकामी करणारे ऑपरेटर सगळीकडे आहेत. बीओडी खाणारे जिवाणू दोन दिवसांत भरून निघतात. नायट्रिफायरांना आठवडे लागतात.

आता एक सावधगिरी, जिच्यासाठी मी हे उत्तर इतके लांबवतो आहे. उपाय कळला म्हणून उद्या सकाळी कॉस्टिक ओतून पीएच ८.५ वर नेऊ नका. टाकीत ११० अमोनिया उभा आहे. ३० अंशांना पीएच ७ ला त्यातला एक टक्कासुद्धा मुक्त अमोनिया (जिवाणूंना विषारी असे विरघळलेल्या वायूचे रूप) नसतो, ८ ला सात टक्क्यांच्या आसपास असतो, ८.५ ला वीस टक्के. म्हणजे २२ मिलिग्रॅम मुक्त अमोनिया. १९७६ मध्ये अँथोनिसन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की नायट्राइट खाणारे जिवाणू ०.१ ते १ मिलिग्रॅमलाच आखडू लागतात आणि अमोनिया खाणारे १० ते १५० च्या दरम्यान. सरावलेला गाळ थोडे जास्त सोसतो, पण २२ ला नायट्राइट साचणारच. मग दुसऱ्या दिवशी अहवालात सीओडी वाढलेला दिसतो, कारण प्रत्येक ग्रॅम नायट्राइट नायट्रोजन सीओडीच्या चाचणीत सुमारे १.१ ग्रॅम मोजला जातो, आणि सगळे जण टाकी बिघडली म्हणून धावपळ करतात. सीओडी कारण नसताना चढला की आधी नायट्राइट मोजा, आणि नमुन्यात सल्फॅमिक ॲसिड घालून सीओडी पुन्हा करा. नायट्राइट साचलेले असताना डीओ कमी पडला तर नायट्रस ऑक्साइडही जास्त निघतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापवणारा वायू आहे. पाणी स्वच्छ करताना हवा बिघडवायची नसेल तर नायट्राइट ०.५ ते १ च्या आत ठेवणे हे आपले काम आहे.

म्हणून पीएच दिवसाला ०.२ पेक्षा जास्त हलवू नका आणि ७.२ ते ७.५ वर थांबा. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांना बायकार्बोनेट वापरा. महाग आहे, पण चुकून जास्त पडले तरी पीएच उडत नाही. पुढे रोजच्या १२० किलोऐवजी ५५ ते ६० किलो कॉस्टिक थेंबाथेंबाने, एरेशनच्या सुरुवातीला, पीएच मीटरला जोडून. चुना स्वस्त पडतो, पण डिफ्यूझरवर कवच चढते आणि फॉस्फेट खाली बसते. फॉस्फेटवरून आठवले: जिवाणूंना फॉस्फरसही लागतो, आणि रासायनिक कारखान्यांच्या पाण्यात तो बहुतेक वेळा नसतोच. बाहेरच्या पाण्यात ऑर्थोफॉस्फेट (जिवाणूंना थेट वापरता येणारा फॉस्फरस) ०.५ मिलिग्रॅम तरी शिल्लक दिसतो का, बघा. नसेल तर फॉस्फोरिक ॲसिडचा छोटा डोस द्या.

तुमच्या टीकेएन आणि अमोनियात ६० चा फरक आहे. तो सेंद्रिय नायट्रोजन कुठून येतो? डायमिथाइलफॉर्मामाइड वापरता का? त्याच्या वजनात १९ टक्के नायट्रोजन असतो, अमोनियाच्या चाचणीत तो दिसत नाही, आणि टाकीत फुटल्यावर अमोनिया होऊन बाहेर येतो. काही कारखान्यांत बाहेरचा अमोनिया आतल्यापेक्षा जास्त निघतो आणि सगळे बुचकळ्यात पडतात, त्याचे कारण हेच. कोक ओव्हनच्या पाण्यात थायोसायनेट हाच खेळ करते. म्हणून आवकेचा अमोनिया एकटा कधी बघू नका, टीकेएन बघा. नायट्रो आणि ॲझो रंगद्रव्ये असतील तर टीकेएनलाही सगळा नायट्रोजन सापडत नाही, तिथे एकूण नायट्रोजनची चाचणी करा.

विषांची यादी मोठी आहे, पण रासायनिक कारखान्यात पहिला संशय थायोयुरिया आणि तत्सम गंधकयुक्त संयुगांवर घ्या. बीओडी चाचणीत नायट्रिफिकेशन बंद पाडण्यासाठी मुद्दाम अलाइलथायोयुरिया वापरतात, इतका नेमका मारा ही संयुगे करतात. नंतर सायनाइड, फिनॉल, तांबे-निकेल. आणि सगळ्यात दुर्लक्षित म्हणजे फरशी व टाक्या धुण्याची क्वाटर्नरी अमोनियम जंतुनाशके आणि कूलिंग टॉवरची बायोसाइड. उत्पादनाच्या कागदांत ती कुठेच नसतात. मीठ असेल तर त्याच्या पातळीपेक्षा चढउतार जास्त मारतो. स्थिर एक-दीड टक्क्याला जिवाणू हळूहळू सरावतात, आज अर्धा टक्का उद्या दोन टक्के असे झाले की सरावत नाहीत. इथे साठवण टाकीच उपयोगी, रिॲक्टर कोणताही असो.

ॲनामॉक्सबद्दलही तुम्ही विचारणार, म्हणून सांगून ठेवतो. अमोनिया आणि नायट्राइट यांचा थेट नायट्रोजन वायू करणारे हे जिवाणू असले पाहिजेत, असे ब्रोडा यांनी १९७७ मध्ये ऊर्जेच्या हिशेबावरून सांगितले. १९९० च्या दशकात नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या एका यीस्ट कारखान्याच्या सांडपाण्याच्या रिॲक्टरमध्ये ते प्रत्यक्ष दिसले, आणि २००२ मध्ये रॉटरडॅमला पहिला पूर्ण आकाराचा रिॲक्टर सुरू झाला. निम्म्याहून थोड्या जास्त अमोनियाचेच नायट्राइट करायचे असल्याने ऑक्सिजन सुमारे ६० टक्के वाचतो आणि कार्बन लागतच नाही. विलक्षण सुंदर प्रक्रिया आहे. पण ते आठवड्या-दोन आठवड्यांनी दुप्पट होतात, ३० ते ३५ अंश लागतात, नायट्राइट थोडे चढले की बसतात, आणि सीओडी भरपूर असलेल्या पाण्यात दुसरे जिवाणू त्यांना जगू देत नाहीत. तुमच्या पाण्यात सीओडी नायट्रोजनच्या पाचपट आहे. तुमच्यासाठी हे नाही. एखाद्या विभागातून अमोनिया १००० च्या वर आणि सीओडी जवळपास नाही, असा कोमट प्रवाह वेगळा निघत असेल, तर तेवढ्यापुरता विचार करता येईल.

कामाचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात भांड्यातली चाचणी आणि आवक-जावकेची अल्कलिनिटी, रोज. सोबत बायकार्बोनेट सुरू करा, पीएच सावकाश ७.२ वर आणा आणि तिथे धरून ठेवा. दोन-तीन आठवड्यांत अमोनिया ५० च्या खाली यायला हवा, नायट्रेट तितकेच चढेल, त्याने दचकू नका. त्या काळात क्लॅरिफायरमधला गाळ जास्त वर येईल, म्हणून रिटर्न स्लजचा वेग वाढवून गाळाचा थर पातळ ठेवा. तेवढ्या वेळात आडभिंत, मिक्सर आणि पंप यांचे काम लावा. पहिल्या भागाची हवा बंद केल्यावर त्या भागातून बाहेर पडणारे नायट्रेट रोज मोजा: १ ते २ च्या खाली असेल तर अन्न पुरते आहे आणि पुनर्प्रवाह थोडा वाढवायला जागा आहे, १० च्या वर राहिले तर अन्न कमी पडते आहे किंवा कुठून तरी ऑक्सिजन शिरतो आहे, तेव्हा पुनर्प्रवाह वाढवू नका. आणि पीएच ७.२ ला तीन आठवडे धरूनही अमोनिया हलला नाही, तर दुसऱ्या भांड्यातल्या चाचणीकडे परत या आणि प्रत्येक विभागाचा प्रवाह वेगवेगळा तपासा. सुरुवात फरशी धुण्याच्या पाण्यापासून करा.